भिंतीपलीकडचं जैसे थे

१

तिच्या कामाबद्दल कुणी विचारलं की ती म्हणायची, "मी शिळं-ताजं ठरवते." ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई एखाद्या मोठ्या खानावळीत कामाला असणार. तिनंही तो गैरसमज फारसा कधी दूर केला नाही. खरं काम समजावून सांगायचं तर समोरच्याच्या डोळ्यांवर झापड येईपर्यंत बोलावं लागे.

काम असं होतं. माणसं दिवसभर वेबसाइट उघडत असतात, आणि प्रत्येकाचा प्रश्न मूळ सर्व्हरपर्यंत न्यायचा म्हटलं तर त्या बिचाऱ्याच्या नाकी नऊ येतील. म्हणून वाटेत जागोजागी कॅश बसवलेली असते. एकदा आलेलं उत्तर तिनं जपून ठेवायचं, आणि पुढं कुणी तेच विचारलं की मूळ सर्व्हरला न उठवता ते हातावर ठेवायचं. आता जपलेलं उत्तर किती काळ चालवायचं? बातम्यांचं पान बघता बघता शिळं होतं, दुकानाच्या पाटीचं चित्र वर्षभर होत नाही. मूळ सर्व्हरनं मुदत सांगितली असेल तर ठीक. नसेल सांगितली तर कॅश अंदाज बांधते, आणि तिची अंदाज बांधायची रीत अगदी माणसासारखी असते: जे बरेच दिवस बदललेलं नाही ते आणखी काही दिवस बदलणार नाही. जितकं जुनं तितका विश्वास जास्त.

मुदत संपली तरी सगळं पान पुन्हा मागवायचं कारण नसतं. कॅश नुसतं विचारते, "माझ्याकडे आहे ते अजून चालेल ना?" मूळ सर्व्हर म्हणतो, बदल नाही. बस, एवढंच. त्या उत्तरासोबत पान येत नाही, चित्र येत नाही, काहीच येत नाही. तिच्या विभागात या रिकाम्या उत्तराला सगळे 'जैसे थे' म्हणायचे. कॅशला ते मिळालं की जुनंच उत्तर ती नव्यानं ताजं समजायची आणि पुन्हा वाटायला लागायची.

तिला हे काम मनापासून आवडायचं, कारण उगाच विचारलेल्या प्रश्नांचा तिला तिटकारा होता. हा गुण बापाकडून आलेला. वडिलांनी सगळा जन्म बंदरावरच्या क्रेनच्या केबिनमध्ये काढला, जमिनीपासून उंच, एकट्यानं. हृदयाच्या ऑपरेशननंतर ते तिच्या घरी राहायला आले आणि मागच्या खोलीत त्यांचा पलंग पडला. मग ती आणि तिचा नवरा आळीपाळीनं दारातून डोकं घालायला लागले. बाबा, बरं आहे ना? बाबा, काही हवंय? आठवडाभरात म्हातारा वैतागला.

"मेलो की नाही ते बघायला येता काय रे दोघं?" ते कडाडले. "डोळा लागतो न लागतो तोच दार कुरकुरतं. मेलो तर सांगेन!"

तोड त्यांनीच काढली. बंदरावर खालचा माणूस शिट्टी मारायचा आणि वरून ते भोंग्यानं उत्तर द्यायचे. एक भोंगा म्हणजे सगळं आहे तसं आहे. दोन म्हणजे थांबा, गडबड आहे. त्यांच्या पलंगाला लागून जी भिंत होती तिच्या दुसऱ्या बाजूला तिचं कामाचं टेबल होतं. तिनं पेनानं भिंतीवर एकदा वाजवायचं. त्यांनी बोटाच्या पेरानं एकदा वाजवलं तर ठीक, दोनदा वाजवलं तर धावत यायचं.

तिला ही कल्पना इतकी पसंत पडली की तिनं तिच्यावर आपली कलाकुसर चढवली. सुरुवातीला तासातासाला विचारायचं. एका ठोक्याचं उत्तर येत राहिलं की मधलं अंतर थोडं वाढवायचं, पुन्हा आलं की आणखी थोडं. नवरा पोट धरून हसला.

"घ्या! सासरेबुवांनाही कॅशमध्ये टाकलं हिनं."

हसला खरा, पण त्यालाही ते सोयीचं होतं. तो घरूनच इमारतींचे नकाशे काढायचा, आणि ती ऑफिसला गेली की तिच्याच टेबलावर येऊन बसायचा. आता त्याला खुर्चीवरून उठायचीही गरज उरली नाही. वडील खूश, नवरा खूश, आणि घरातली कटकट मिटली म्हणून ती सगळ्यांत खूश.

२

एका दुपारी ती घरून काम करत होती. बाहेर लख्ख ऊन होतं, समोरच्या गॅरेजमध्ये कुणीतरी पत्रा ठोकत होतं. कामाच्या तंद्रीतच तिनं भिंतीवर पेन वाजवलं. पलीकडून उत्तर आलं, टक्. वडिलांचं वाजवणं तिनं झोपेतही ओळखलं असतं. आधी पेराचा जाडसर ठोका आणि त्याला चिकटून अंगठीचा बारीकसा आवाज. तिनं मान डोलावली आणि पुढची ओळ टाइप केली.

तेवढ्यात पुढचं दार उघडलं. आधी नवऱ्याचा आवाज आला, मग वडिलांचा. दोघं कशावरून तरी वाद घालत होते.

"अहो, पण न्हाव्यानं कानावरचे केस नीट काढले नाहीत तर आपण सांगायला नको?"

"त्याला सांगून काय उपयोग? तोच बहिरा आहे."

ती बाहेर आली. वडील नुकतेच केस कापून आलेले, मानेवर पांढरी पावडर, एका हातात काठी. जाताना सांगून गेले होते, आणि कामाच्या नादात ती साफ विसरली होती.

"तुम्ही खोलीत नव्हता?" तिनं विचारलं.

"न्हाव्याकडे होतो. का? घरात चोर शिरला काय?"

ती हसली आणि आत पाणी प्यायला गेली. तिनं स्वतःला समजावलं, गॅरेजमधला पत्रा असणार. कान ज्याची वाट बघत असतो ते त्याला ऐकू येतं. पाणी पिऊन होईपर्यंत तिचं समाधान झालं. फक्त पत्र्याला अंगठी कुठून आली, हे तिला सुटलं नाही, आणि त्याचा विचार करायचा नाही असं तिनं ठरवून टाकलं.

३

ठरवून टाकलेल्या गोष्टी तिला कधीच जमायच्या नाहीत. पुढच्या वेळी वडील नवऱ्याबरोबर डॉक्टरकडे तपासणीला गेले तेव्हा तिनं घराचं दार आतून लावलं, मागची खोली उघडून बघितली, पलंगाखाली बघितलं, कपाटही उघडलं. खोली रिकामी होती. उशीवर डोक्याचा खळगा, खिडकीत औषधाच्या बाटल्या, हवेत बामाचा वास. ती टेबलापाशी परत आली आणि तिनं भिंतीवर वाजवलं.

टक्. अंगठीसकट.

भीतीच्याही आधी तिला राग आला, कुणीतरी आपली टर उडवतंय असा. तिनं दोनदा वाजवलं. उत्तर एकच. खूप वेळ वाजवत राहिली. प्रत्येकाला तेच उत्तर, तेवढ्याच जोराचं, घाई नाही की कंटाळा नाही. मग पलीकडे जाऊन पलंगावर गुडघे टेकून तिनं त्या बाजूनं वाजवलं, तेव्हा मात्र काहीच झालं नाही. भिंत थंड होती आणि तिला नुसता आपला श्वास ऐकू येत होता.

तिनं नळवाल्याला बोलावलं. त्यानं दोन्ही बाजूंनी भिंत ठोकून बघितली.

"बाई, यात पाइप नाही, वायर नाही. साधी विटांची भिंत आहे. आवाज कसला येतोय?"

"टकटक."

"मग उंदीर असेल," तो म्हणाला, आणि येण्याजाण्याचे पैसे घेऊन गेला.

ऑफिसात तिच्या शेजारी एक सडपातळ, सदा सर्दी झालेला माणूस बसायचा. त्याला सगळे प्रोफेसर म्हणत, कारण साधं किती वाजले विचारलं तरी तो घड्याळाच्या इतिहासापासून सुरुवात करायचा. घरचं नाव न काढता तिनं त्याला गाठलं.

"समज, मूळ सर्व्हर बंद आहे. म्हणजे आपण स्वतः डोळ्यांनी पाहिलंय, बंद आहे. तरीही 'जैसे थे' येतंय. असं कशानं होईल?"

प्रोफेसरनं नाक पुसलं. "मग मध्ये कुणीतरी आहे."

"कुणी?"

"दुसरी कॅश. तू विचारतेस मूळ सर्व्हरला, पण तुझा प्रश्न तिथवर जातच नाही. वाटेत जो बसलाय तोच उत्तर देतो. त्यानं एकदा, दोनदा, शंभरदा ऐकलेलं असतं की बदल नाही. मग तो मागं विचारायचं सोडून देतो."

"म्हणजे खोटं बोलतो."

"छे, छे! खोटं कशाला? त्याच्या दृष्टीनं ते खरंच ताजं आहे. तुम्ही इतके दिवस एकच उत्तर मान्य करत आलात, त्यावरून त्यानं मुदत वाढवली. त्याचा काय दोष?"

"आणि मूळ सर्व्हर मध्येच काही वेगळं सांगायला लागला तर?"

"त्याला विचारलंच नाही तर तो सांगणार कुणाला?" प्रोफेसर म्हणाला आणि शिंकला. शिंक आवरल्यावर त्यानं तिच्याकडे निरखून बघितलं. "कुठल्या ग्राहकाकडे झालंय हे? चेहरा का असा उतरलाय तुझा?"

४

त्याच संध्याकाळी तिनं घरात फर्मान काढलं. भिंतीवर वाजवणं बंद. दर वेळी दार उघडायचं आणि डोळ्यांनी बघायचं.

"का पण?" नवऱ्यानं विचारलं. "चाललंय की छान."

तिनं सांगायचा प्रयत्न केला. सांगता सांगता आपलं बोलणं आपल्यालाच किती खुळचट वाटतंय हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं अर्ध्यावरच आवरतं घेतलं. वडिलांना मजा वाटली. "म्हणजे माझ्याऐवजी भिंतीनंच ड्युटी धरली म्हण की! बरं झालं. रिटायर झाल्यावर तरी बदली माणूस मिळाला." नवरा हसला, आणि मग न हसणं तिला फारच जड गेलं.

ती घरी असली की दार उघडून बघायची. ती नसताना काय होत होतं हे तिला ठाऊक होतं, आणि तरी तिनं ते मनावर घेतलं नाही. भांडण कोण उकरून काढणार?

एकदा दुपारी ऑफिसातून तिनं नवऱ्याला फोन केला.

"बाबा कसे आहेत?"

"जैसे थे. आत्ताच विचारलं."

"दार उघडून?"

तिकडे नकाशाचा कागद सरकवल्याचा आवाज आला. "अगं, टकटक आली ना. स्पष्ट आली."

"आधी उठ आणि दार उघड."

"उघडतो, उघडतो. इथली एवढी रेघ मारली की उघडतो."

तिनं फोन ठेवला आणि पर्स उचलली. वाटेतला प्रत्येक सिग्नल तिच्यासाठीच लाल झाल्यासारखा वाटत होता, आणि रिक्षावाल्याला ती सारखी "जरा लवकर चला" म्हणत होती. घरी पोचली तेव्हा नवरा टेबलापाशीच होता. तिचा चेहरा बघून तो उठला.

"आहेत गं नीट. बघ." त्यानं पेन उचलून भिंतीवर वाजवलं.

टक्, भिंत म्हणाली.

तिनं मागच्या खोलीचं दार ढकललं. वडील पलंग आणि भिंत यांच्यामधल्या सांदीत पडले होते, उजवा हात अंगाखाली दबलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे उघडे होते. ते थेट दाराकडे लागलेले होते आणि किती वेळ लागलेले असतील हे त्यांच्या गालावर सुकलेल्या पाण्यावरून कळत होतं.

"पण आत्ता उत्तर आलं," नवरा तिच्यामागून म्हणाला. "आत्ता, आत्ताच आलं."

५

वडील वाचले. डॉक्टरांनी सांगितलं, अंगाची एक बाजू गेली आहे, बोलणं हळूहळू येईल, पण आता फार आशा धरू नका. आणि मग तो प्रश्न विचारलाच, जो विचारू नये म्हणून ती मनातल्या मनात हात जोडत होती: "बराच वेळ पडून होते हे. घरात कुणी नव्हतं का?"

नवऱ्यानं खाली बघितलं. ती म्हणाली, "होतं." त्या एका शब्दानं तिला जेवढी लाज वाटली तेवढी जन्मात वाटली नव्हती.

दुपारी वॉर्ड शांत असताना वडिलांनी तिला डोळ्यांनी जवळ बोलावलं. एकेक शब्द ते ओझं उचलल्यासारखा उचलत होते.

"तो विचारत होता. जावई. मला ऐकू येत होतं."

"बाबा, नका बोलू आत्ता."

"मी म्हटलं, दोनदा वाजवू. हात हलेना. म्हटलं, पायानं वाजवू." ते थांबले. छाती वर-खाली झाली. "त्याआधीच वाजलं. एकदा."

"कुठून?"

"माझं वाजवणं होतं ते, पोरी. मला माझं ओळखू येत नाही होय?"

तिनं त्यांचा चांगला हात दोन्ही हातांत धरला. तिला रडू आवरेना.

"मग मी ओरडलो," ते म्हणाले. "जीव खाऊन ओरडलो. ती बोंब कुठं गेली कोण जाणे. तो पुन्हा विचारी आणि पुन्हा एक वाजे. तो पुन्हा विचारी आणि..."

"मी परत असं होऊ देणार नाही."

"विचारू नकोस आता," ते म्हणाले. "बघत राहा. केबिनमध्ये जन्मभर एकटाच होतो, त्याचं काही नाही. पण जाताना एकट्याला नको जाऊ देऊस मला. समोर कुणीतरी बघत असू दे."

"मी बघत राहीन," ती म्हणाली. "डोळ्याला डोळा लावून बसेन, बाबा."

हे वचन तिनं आयुष्यात दिलेल्या सगळ्या वचनांपेक्षा खरं होतं.

६

घरी आणल्यावर तिनं त्यांचा पलंग मागच्या खोलीत टाकलाच नाही. पुढच्या बैठकीच्या खोलीत, मोठ्या खिडकीसमोर, चारही बाजूंनी भिंतींपासून लांब टाकला. ऑफिसातून रजा घेतली. आपली खुर्ची पलंगाला चिकटवून ठेवली. हॉस्पिटलात जमलेले तेवढे शब्दही घरी आल्यापासून त्यांना जुळत नव्हते. नवरा आता मांजराच्या पावलांनी वावरायचा, चहा आणून द्यायचा, सूप आणून द्यायचा, आणि दर खेपेला काहीतरी बोलायला तोंड उघडून पुन्हा मिटायचा. तिनं त्याला एका शब्दानं बोल लावला नव्हता. लावला असता तर त्याला सोपं गेलं असतं.

मेलं तरी सवय जात नाही. एका सकाळी उशी सारखी करता करता तिच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, बरं वाटतंय ना?"

"आहे तसंच," उत्तर आलं.

खणखणीत, पूर्वीच्या आवाजात. एकही अक्षर अडखळलं नाही.

नवरा स्वयंपाकघरातून धावत आला. "ऐकलंस? अगं, बोलणं किती सुधारलं! बाबा, शाब्बास!" त्याचे डोळे भरून आले होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या जिवात जीव आला होता.

ती वडिलांच्या तोंडाकडे बघत होती. ओठ मिटलेले होते. ते मिटलेलेच होते, उत्तर येत असतानाही. आणि आता, सगळं बोलून झाल्यावर, ते कुठं हलायला लागले, वाकडे होत, लाळ गाळत, एखादा शब्द जुळवू बघत. डोळे तिच्यावर खिळलेले. शब्द जुळलाच नाही. एक घरघर झाली आणि संपली.

"बघितलंस?" ती नवऱ्याला म्हणाली. "त्यांचे ओठ बघितलेस?"

"दमलेत गं. पहिल्याच दिवशी किती बोलतील?"

इथं भिंत नव्हती, दार नव्हतं, मध्ये काहीही नव्हतं. ती आणि तिचा बाप यांच्यामध्ये हातभर हवा होती फक्त. तिनं खुर्ची आणखी पुढं ओढली. त्या दिवसापासून तिनं त्यांना काहीही विचारलं नाही. ती नुसती बघत राहिली. बघण्यात कुणी मध्ये येऊ शकत नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. कानाला फसवता येतं. समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांना कोण फसवणार?

७

तो दिवस उजाडला चांगलाच. खिडकीतून ऊन आलं आणि वडिलांच्या डाव्या गालावर, जवळजवळ डोळ्यापर्यंत, एक पिवळा पट्टा पडला. ते शांत झोपले होते. पांघरूण छातीवर वर जात होतं, खाली येत होतं. चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी रंग आला होता आणि तोंडाचा वाकडेपणाही कमी वाटत होता. तिला बरं वाटलं. इतकं बरं, की तिनं खुर्चीच्या पाठीला मान टेकली. डोळे मात्र तिनं त्यांच्यावरून काढले नाहीत. पापणी लवायची तेवढीच.

नवरा आला, चहाचा कप ठेवून गेला. मग येऊन गार झालेला कप घेऊन गेला. बाहेर रस्त्यावर मुलांचा गलका झाला, ती शाळेतून परतत असावीत. गॅरेजमधला पत्रा वाजायचा थांबला. ती बघत होती. पांघरूण वर जात होतं, खाली येत होतं.

नवरा पुन्हा आला तेव्हा पुटपुटला, "किती अंधारून आलंय," आणि त्यानं दिवा लावला.

अंधारून आलंय हे तेव्हा तिच्या लक्षात आलं. खिडकीबाहेर आभाळ राखाडी झालं होतं, काचेवर थेंब होते. खोलीतली प्रत्येक वस्तू दिव्याच्या पांढऱ्या उजेडात दिसत होती: खुर्चीचा हात, औषधांचा ट्रे, तिची स्वतःची बोटं, उशीचा अभ्रा.

वडिलांच्या गालावर ऊन होतं.

सकाळचं, पिवळं, डोळ्यापर्यंत आलेलं ऊन. गालाशेजारी उशीवर ते नव्हतं. फक्त गालावर होतं, आणि केसांच्या टोकांवर, आणि वर जाणाऱ्या, खाली येणाऱ्या पांघरुणाच्या काठावर. तिनं पापणी मिटून उघडली. ऊन तिथंच होतं. तिनं श्वास मोजायचा प्रयत्न केला तेव्हा तिला दिसलं, की प्रत्येक श्वासाला पांघरुणाची तीच घडी, त्याच जागी, त्याच पद्धतीनं मोडते आहे. मग ओठांचा कोपरा किंचित हलतो. मग पुन्हा घडी. मग ओठांचा कोपरा.

हात उचलायला तिला फार वेळ लागला, कारण हात लावला की कळणार होतं. तिनं त्या उन्हातल्या गालाला हात लावला.

गाल दगडासारखा गार होता. कातडी ताठली होती. जबडा घट्ट आवळलेला होता, आणि डोळ्यांना जे ओठ मिटलेले दिसत होते ते तिच्या बोटांना उघडे लागले, वाकडे, ओरडताना राहून जावेत तसे. बोटं वर सरकली. मिटून झोपलेल्या दिसणाऱ्या पापण्या उघड्या होत्या. ते बघत होते. तिच्या दिशेनं, डोळ्याला डोळा लावून, किती वेळ कोण जाणे, ते तिला बोलावत होते, आणि ती समोर बसून त्यांना झोपलेलं बघत होती.

तळहाताखाली तो गाल गार होता. तळहाताभोवती तो गुलाबी होता, आणि पांघरूण वर जात होतं, खाली येत होतं.

ती किंचाळली. "बाबा गेले! अरे, धाव! बाबा गेले!" गळा फाटेल अशी किंचाळली. तिच्या छातीत ते जाणवलं, कानात घुमलं.

नवरा दारातच उभा होता, हातात फडकं घेऊन. त्याची नजर पलंगावर गेली, मग तिच्यावर आली. त्याच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू मोकळ्या झाल्या.

"छान झोप लागलीय त्यांना," तो हलक्या आवाजात म्हणाला. "रंग बघ चेहऱ्यावर किती चांगला आलाय."

"अरे, गेलेत ते! इकडे ये, हात लावून बघ! तुला ऐकू येत नाही का?"

तो तिच्याकडे बघत होता, मायेनं, थोडासा अपराधी. आज किती दिवसांनी त्यानं तोंड उघडून मिटलं नाही. "आणि तू? तू ठीक आहेस ना?"

ती खुर्चीवरून उठली, खुर्ची धाडकन मागं पडली, ती त्याच्याकडे हात पसरून ओरडली. तो क्षणभर थांबला, ऐकणाऱ्यानं मान जराशी कलती करावी तसा. मग त्यानं मान डोलावली आणि हसला. इतका सुटल्यासारखा तो कित्येक दिवसांत हसला नव्हता.

"बरं," तो म्हणाला, "मग मी नाही उगाच त्रास देत तुम्हाला."

आणि आवाज होऊ नये म्हणून कडी हातानं धरून त्यानं दार अलगद लावून घेतलं.